अंगावर मुरणारा गंध : मराठवाड्यातील अत्तर-अनुभवाची प्रस्तावना

सुगंधी द्रव्यांविषयी भारतीय भाषांमध्ये जे लेखन झाले आहे, त्यातील बराच मोठा भाग ती द्रव्ये कशी सिद्ध करावीत, कोणत्या ऋतूत कोणती योजावीत आणि त्यांतील भेसळ कशी ओळखावी यासंबंधीचा आहे. ते द्रव्य एकदा अंगावर घेतल्यानंतर पुढच्या काही तासांत त्याचे काय होते, लावणाऱ्याला ते कसे जाणवते आणि दुसऱ्या अत्तराच्या शेजारी ठेवले असता त्याची पारख कशी बदलते, हा भाग मात्र बहुधा तोंडी बोलण्यापुरताच राहिला आहे. गंधाचा अनुभव व्यक्तिगत असतो, तो घटकाघटकाला पालटतो आणि दुसऱ्याच्या हाती देता येईल अशी त्याची मोजपट्टी नसते, म्हणून तो अभ्यासाला अपात्र, अशी समजूत यामागे दिसते. प्रस्तुत विवेचनाला ही समजूत मान्य नाही. व्यक्तिगत प्रचीती हादेखील पुरावा होऊ शकतो, मात्र ती कोणत्या ऋतूत, दिवसाच्या कोणत्या प्रहरी, कोणाच्या कातडीवर आणि कसल्या हवेत आली, हे तिच्यासोबत नोंदले गेले पाहिजे; एवढे टाळून ‘हे अत्तर भारी, ते हलके’ असा निवाडा देण्याची जी रीत दुकानातही आहे आणि घरातही आहे, तिच्यातून हाती फारसे काही लागत नाही.

या विवेचनासाठी बीड जिल्हा निवडण्यामागे एक साधे कारण आहे. अत्तर गाळण्यासाठी बीडचे नाव कोणी घेत नाही. गुलाबासाठी आणि हिन्यासाठी कनौजकडे, केवड्यासाठी ओडिशातील गंजामकडे आणि अगरू म्हणजे ऊद यासाठी आसामकडे बोट दाखवले जाते, आणि तिथे गाळलेला माल हैदराबादच्या किंवा मुंबईच्या पेठेतून इकडे येतो. जिथे अत्तर तयार होत नाही, तिथे त्याच्याविषयीचे बोलणे कारागिरीत अडकत नाही, ते लावण्याभोवती फिरते. त्यात जिल्ह्याचे हवामान अत्तराची परीक्षा पाहणारे आहे. बालाघाटाच्या रांगांनी व्यापलेला हा पर्जन्यछायेचा प्रदेश उन्हाळ्यात 40 अंशांच्या वर तापतो, हवा कोरडी ठणठणीत होते, आणि थंडीत कातडी उलते. म्हणजे सुगंध धरून ठेवायला जे ओलसर, किंचित तेलकट अंग लागते ते वर्षातले अनेक महिने मिळत नाही. आवडीनिवडीच्या घडणीत इतिहासाचाही वाटा आहे. सप्टेंबर 1948 पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे पुणे-सातारा भागातल्या घरांत अत्तर म्हटले की गुलाब, मोगरा, वाळा ही नावे पुढे येतात, तशी इथे हिना, शमामा, मजमुआ, ऊद ही नावेही सहज तोंडात असतात, आणि ती घेणाऱ्यांत धर्माची भिंत पूर्वीही फारशी आडवी येत नसावी असे मानायला जागा आहे.

गंधाची तुलना करण्याची शिस्त या प्रदेशाला नवी नाही. बीडचा परिसर ज्या कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखाली होता, त्यांतील तिसरा सोमेश्वर याने इ.स. 1129च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला आणि राजाच्या उपभोगांत विलेपनाला, म्हणजे अंगाला लावायच्या सुगंधी उटीला, स्वतंत्र स्थान दिले. त्याच्याही आधी वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’च्या ऋतुचर्येत हेमंतासाठी केशर, कस्तुरी आणि अगरूचा धूप सांगितला आणि ग्रीष्मासाठी चंदन. उष्ण आणि शीत अशा वीर्याच्या परिभाषेत मांडलेला हा नियम आजच्या अत्तरविक्रेत्याच्या तोंडी जवळजवळ तसाच आहे: उन्हाळ्यात वाळा, गुलाब, मोगरा, केवडा, थंडीत हिना, शमामा, अंबर, कस्तुरी. त्याने वाग्भट वाचलेला नसतो आणि वाचण्याची त्याला गरजही नसते.

सहाव्या शतकातील वराहमिहिराची दृष्टी याहून निराळी आहे. ‘बृहत्संहिते’तील गंधयुक्तीच्या अध्यायात त्याने सोळा द्रव्यांपैकी कोणतीही चार निवडली तर किती मिश्रणे होतील याचा हिशेब मांडला आणि 1820 ही संख्या दिली, पुढे त्या चारांचे प्रमाण बदलत नेले की हा आकडा किती वाढतो हेही त्याने सांगितले. हे गणित वाचताना मौज वाटते, परंतु त्यातून एक गंभीर गोष्ट ध्यानात येते, ती अशी की सुगंध म्हणजे एकेका फुलाची नक्कल, ही कल्पना त्या काळी नव्हतीच. सुगंध म्हणजे जुळणी, आणि जुळणीत कोण वरचढ झाला व कोण दबला हे पाहणारे नाक म्हणजे जाणकाराचे नाक.

मराठी वाचकाला याहून जवळचा वाटावा असा एक दुवा पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे (1891–1961) यांच्यामुळे हाती आला. गंगाधर नावाच्या लेखकाचा ‘गंधसार’ आणि त्याच्याच जोडीचा ‘गंधवाद’ या दोन ग्रंथांचे दुर्मीळ हस्तलिखित त्यांनी अभ्यासकांपुढे आणले. त्यांपैकी ‘गंधवादा’वर मराठी टीका आहे, आणि गोडे यांनी तिचा काळ ढोबळमानाने 1350 ते 1550 या दरम्यानचा ठरवला. म्हणजे मराठीत गंधशास्त्रावर लिहिले गेले त्याला किमान साडेचारशे वर्षे उलटली, आणि तरीही मराठी सुशिक्षिताला गंधाविषयी चार वाक्ये लिहायची झाली की तो परदेशी बाटलीवरच्या मजकुराचा आधार घेतो, ही बाब खटकल्यावाचून राहत नाही. ‘गंधसारा’त द्रव्यावर करायच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत: भावना, म्हणजे चूर्णात सुगंधी द्रव मुरवणे, पाचन, म्हणजे ते शिजवणे, बोध, म्हणजे दबलेला वास जागा करणे, वेध, म्हणजे तीव्र द्रव्याची अल्प मात्रा देऊन सगळ्या मिश्रणाला भेदून जाणारा गंध आणणे, धूपन, म्हणजे धुरी देणे, आणि वासन, म्हणजे फुलांच्या सहवासात ठेवून वास लावणे. या संज्ञा करण्यासंबंधीच्या असल्या तरी लावण्याच्या अनुभवालाही त्या विलक्षण लागू पडतात. कस्तुरीचा अंश असलेले अत्तर कातडीच्या उबेने तासाभराने एकाएकी खुलते, तेव्हा तिथे बोध घडतो असे म्हणण्याइतके नेमके वर्णन दुसरे सापडत नाही.

दख्खनी दरबारांनी या विद्येत फारसी धारा आणून सोडली. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या (कारकीर्द 1580–1627) पदरी ‘इत्र-ए-नौरसशाही’ हा सुगंधावरील फारसी ग्रंथ लिहिला गेला. उत्तरेत त्याच सुमारास जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत नूरजहानच्या आईने गुलाबाचे तेल प्रथम वेगळे काढल्याचे नोंदवले आणि त्याच्या एका थेंबाने सगळी मजलस दरवळते असे कौतुक केले. विलेपन आणि धूप यांच्या जोडीला ऊर्ध्वपातनाने काढलेले अत्तर आले, आणि हळूहळू तेच प्रमुख झाले. ही पद्धत कनौजमध्ये आजही चालते. ‘देग’ नावाच्या तांब्याच्या मोठ्या हंड्यात फुले किंवा मुळ्या आणि पाणी घालून झाकण चिकणमातीने बंद करतात, बांबूच्या नळीने ती वाफ ‘भपका’ या लांब मानेच्या तांब्याच्या भांड्यात उतरवतात, आणि पाण्याच्या हौदात बुडवलेल्या त्या भपक्यात आधीपासून चंदनाचे तेल ठेवलेले असते, जे फुलाचा वास आपल्यात ओढून घेते. चंदनाचा आधार न घेता निव्वळ द्रव्याचेच जे तेल मिळते त्याला ‘रूह’ म्हणतात, आणि ते कितीतरी महाग पडते. या रचनेतला कळीचा मुद्दा असा की पारंपरिक गुलाबाचे अत्तर म्हणजे मुळात गुलाब लावलेले चंदन असते. म्हणून ते दुपारी लावले असता संध्याकाळी मागे जे उरते ते गुलाब नसून चंदनच असते, आणि ज्याला हे ठाऊक नाही तो अत्तर ‘उतरले’ म्हणून तक्रार करतो.

अत्तर निवडण्याची आणि लावण्याची रीतही तपशिलाने पाहण्याजोगी आहे. मशिदीलगतच्या छोट्या दुकानात, किंवा ऊरुसात आणि जत्रेत मांडलेल्या पेटीत, काचेच्या बुचाच्या कुप्या ओळीने लावलेल्या असतात आणि बुचालाच खाली काचेची काडी जोडलेली असते. विक्रेता गिऱ्हाइकाचा हात पालथा करून मुठीच्या वरच्या भागावर ती काडी फिरवतो, तळहातावर फिरवत नाही, कारण तळहाताला घाम असतो आणि दिवसभराच्या कामाचे वास तिथे साठलेले असतात. दुसरे अत्तर दुसऱ्या हातावर, तिसरे मनगटाच्या वर. चौथे मागितले की बहुतेक जाणते विक्रेते हसून कुपी ठेवून देतात आणि चहा मागवतात. माल तोळ्यावर विकला जातो, आणि या व्यापारात तोळ्याची बाटली म्हणजे सुमारे 12 मिलिलिटर समजली जाते. विकत घेणे परवडत नाही त्याच्यासाठी फाया आहे: कापसाची लहानशी पिळलेली बोंडी अत्तरात टेकवून कानाच्या वरच्या घडीत खोचतात. ही जागा निवडण्यात मोठे शहाणपण आहे. तिथे कातडी पातळ आणि उबदार असते, ऊन थेट लागत नाही, कापूस तेल धरून ठेवतो, आणि लावणाऱ्याच्या नाकापासून ते पुरेसे दूर असल्यामुळे त्याचे नाक बधिर न होता मान वळवली की मधूनमधून वास येत राहतो. लग्नाच्या मांडवात पाहुण्यांच्या हाताला अत्तर लावणे आणि गुलाबदाणीने गुलाबपाणी शिंपडणे, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या मनगटावर अत्तराची काडी टेकवणे, हे सामाजिक उपचार या खासगी रीतीहून वेगळे. तिथे अत्तर यजमानाचे असते आणि पाहुण्याच्या आवडीचा प्रश्न येत नाही.

आता प्रत्यक्ष प्रचीतीकडे वळता येईल. एप्रिल-मेच्या दुपारी वाळ्याचे अत्तर लावले असता पहिल्या काही मिनिटांत ओल्या मुळांचा, किंचित कडवट, थोडासा धुरकट असा वास येतो. तो गोड नसतो, आणि गोड वासाची सवय असलेल्या तरुण नाकाला तो औषधी वाटण्याचा संभव असतो. परंतु उन्हात घाम येऊ लागला की इतर अत्तरे आंबूस होतात, तिथे वाळा अधिक स्वच्छ होत जातो. मुळांच्या अर्कातील रेणू जड असतात, ते सावकाश उडतात, आणि घामाच्या वासाशी त्यांचे वैर नसते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण आठवणीचे आहे, कारण वाळ्याचे पडदे आणि माठात टाकलेली वाळ्याची जुडी ज्याने अनुभवली त्याला हा वास येताच गारवा जाणवतो, मग तापमापक काहीही सांगो. तांब्याच्या भांड्यात गाळलेल्या ‘रूह-खस’ला हिरवट झाक असते, बाजारात दिसणारा भडक हिरवा रंग मात्र अनेकदा नुसता रंगच असतो.

त्याच दुपारी दुसऱ्या हातावर मोगरा लावून पाहिला तर चित्र उलटे दिसते. मोगरा पहिल्या श्वासात जिंकतो, दालन भरून टाकतो, आणि मग कडक उन्हात जड होत होत डोके धरू लागतो. सूर्य मावळल्यावर, अंगणात पाणी शिंपडल्यावर तोच मोगरा पुन्हा शहाणा वाटतो. गजऱ्याचा मोगरा आणि कुपीतला मोगरा यांची तुलना करणे हा कुपीवर अन्याय आहे, कारण फूल रात्रभर नवा गंध सोडत असते आणि अत्तर जेवढे लावले तेवढेच खर्च करत जाते. केवड्याचे याहून अवघड. तो थोडा लावला तर राजेशाही, आणि थेंबभर जास्त झाला तर मिठाईच्या दुकानात उभे असल्यासारखे वाटते. बिर्याणीत आणि सरबतात त्याचा वापर सर्रास होत असल्याने हा वास अंगावर घेण्याचा की पानात वाढण्याचा याचाच नाकाला संभ्रम पडतो.

‘मिट्टी’ या अत्तराविषयी बीडमध्ये थोडे थांबूनच बोलले पाहिजे. कनौजला भाजलेल्या मातीच्या चकत्या देगेत घालून त्यांचा वास चंदनाच्या तेलात उतरवतात. पावसाच्या पहिल्या सरीनंतर तापलेल्या जमिनीला जो वास येतो, त्याचा शास्त्रीय अभ्यास ऑस्ट्रेलियातील इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी 1964 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडला आणि त्याला ‘पेट्रीकोर’ हे नाव दिले. भारतात हा वास अत्तर म्हणून पूर्वीपासून गाळला जातो याची दखलही त्यांनी घेतली होती. पुढे मातीतील सूक्ष्म जिवाणूंपासून निघणारे ‘जिओस्मिन’ हे द्रव्य त्या वासातील एक मोठा वाटेकरी असल्याचे स्पष्ट झाले, आणि माणसाचे नाक त्याच्या बाबतीत इतके तीक्ष्ण आहे की हवेत अब्जांशाहून कमी प्रमाण असले तरी ते कळते. मृगाकडे डोळे लावून बसणाऱ्या, पाऊस लांबला की टँकर मोजणाऱ्या जिल्ह्यात हा वास किती मोलाचा असेल हे सांगायला नको. तरीही मनगटावर लावून पाहिले असता कनौजच्या मिट्टीत जे मिळते ते बीडच्या रानातले नव्हे. कनौजची माती गंगेकाठच्या गाळाची आणि आव्यात भाजलेली, म्हणून अत्तराचा वास नव्या माठात ओतलेल्या पहिल्या पाण्याशी मिळतो. बालाघाटाखालच्या काळ्या मातीला भेगांत पाणी उतरल्यावर जो दमट, काहीसा गवताळ आणि कुजक्या धसकटांचा वास येतो, तो त्यात नाही. हा दोष अत्तराचा नाही. परंतु ‘पहिल्या पावसाचा वास’ अशी चिठ्ठी लावून सगळ्या देशाला एकच माती विकली जाते, तिथे काळ्या रानात वाढलेल्या नाकाने आपला आक्षेप नोंदवून ठेवावा.

थंडीतली अत्तरे समजायला अधिक सवड लागते. हिना नावाने जे विकले जाते ते केवळ मेंदीच्या फुलांचे नसते. त्यात मसाले, मुळ्या, साली आणि राळ यांचे अनेक पदर असतात, आणि शमाम्यात हे पदर आणखी वाढतात, इतके की प्रत्येक गाळणाऱ्या घराण्याचा शमामा वेगळा आणि त्याची यादी घरातल्या घरात राहणारी. पहिल्यांदा हुंगले असता शमामा अंगावर येतो. लवंग, जायफळ, ओले लाकूड, जुन्या कपाटाचा कोंदटपणा असे सगळे एकदम नाकात शिरते, आणि नवखा माणूस हात झटकतो. डिसेंबरच्या पहाटे शालीच्या आत, छातीशी एक थेंब लावून दिवस काढला म्हणजे हा पसारा मिटत जातो, दुपारपर्यंत एक उबदार, किंचित खारट असा गंध उरतो, आणि दुसऱ्या दिवशी शालीला येणारा वास पहिल्या दिवशीच्या अत्तरापेक्षा चांगला असतो, असे जाणकार म्हणतात ते पटते. शमाम्याची पारख दुकानात होऊच शकत नाही.

या मिश्रणांतील एक घटक तर बीडच्या शेतकऱ्याच्या चांगल्या ओळखीचा आहे. नागरमोथा हा लव्हाळ्याच्या कुळातला. उसात आणि कापसात खुरपून खुरपून हात दुखवणाऱ्या लव्हाळ्याच्या गाठी ठेचल्या तर जो कोरडा, लाकडी, काहीसा कापरासारखा वास येतो, त्याच जातीचा गंध दिवाळीच्या उटण्यात, बुक्क्यात आणि शमाम्यात असतो. रोशा गवताची कथा याहून खमंग आहे. खानदेशात, विशेषतः नंदुरबार परिसरात, या गवताचे तेल काढले जाई, ते मुंबई बंदरातून तुर्कस्तानात पोहोचे आणि तिथे महागड्या गुलाबतेलात मिसळले जाई, कारण दोन्हींत ‘जिरॅनिऑल’ हे एकच सुवासिक द्रव्य आहे. युरोपातील कितीतरी रुमालांना लागलेल्या गुलाबात महाराष्ट्रातल्या माळरानाचा वाटा होता, ही गोष्ट अस्सल-नक्कल यांविषयी फार ताठर बोलणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

तेलाच्या अत्तराच्या शेजारी आज ज्याला सर्रास ‘सेंट’ किंवा ‘स्प्रे’ म्हणतात तो अल्कोहोलयुक्त सुगंध ठेवला की तुलनेचे नियम बदलतात. अल्कोहोल काही सेकंदांत उडून जाते आणि जाताना हलके रेणू सोबत उधळते, म्हणून स्प्रेचा पहिला झोत चमकदार असतो. एकोणिसाव्या शतकात सेप्टिमस पिएस याने सुगंधांची संगीताच्या स्वरांशी सांगड घातली, आणि विसाव्या शतकात विल्यम पाउचर याने द्रव्ये किती वेगाने उडतात त्यानुसार त्यांची वर्गवारी रूढ केली. लिंबूवर्गीय वास आधी येऊन आधी जाणारे, फुलांचे वास मधले, आणि लाकूड, राळ, कस्तुरी हे तळाशी राहणारे. आजची सगळी जाहिरात या तीन पायऱ्यांवर उभी आहे. बीडच्या उन्हाळ्यात मात्र पहिली पायरी जवळपास नाहीशीच होते. वातानुकूलित दुकानात कागदी पट्टीवर दरवळणारा संत्र्याचा वास बाहेर रिक्षा मिळेपर्यंत विरून जातो, आणि गिऱ्हाइकाने ज्यासाठी पैसे मोजले ते त्याच्या अंगाला फार तर काही मिनिटे मिळते. म्हणून या हवामानात स्प्रेची निवड त्याच्या तळावरून करावी आणि तोही कपड्यावर मारावा, असे म्हणावे लागते. मात्र कॉलेजातल्या मुलाला स्प्रे हवा असतो तो टिकण्यासाठी नव्हे. बसमधून उतरताना एकदा झुळूक मागे सोडायची असते, आणि ते काम स्प्रे चोख करतो. नमाजाला जाणाऱ्या अनेकांना अल्कोहोल नको असते, त्यामुळे रमजानात आणि शुक्रवारी तेलाच्या अत्तराचे महत्त्व अबाधित राहते. दिवाळीच्या अभ्यंगस्नानानंतर लावायच्या छोट्या कुपीचेही तसेच.

प्रचीतीची नोंद करताना नाकाच्या मर्यादा मान्य कराव्या लागतात. सतत तोच वास आला की नाक त्याची दखल घेणे थांबवते. लावणाऱ्याला अत्तर संपले असे वाटते त्या वेळी शेजाऱ्याला त्याचा घमघमाट येत असतो, आणि म्हणून दुसऱ्यांदा लावण्याआधी घरातल्या कोणाला तरी विचारावे, हा जुना संकेत शास्त्राला धरून आहे. माणसाच्या नाकात गंध ओळखणारे सुमारे 400 प्रकारचे ग्राहक असतात. त्यांचा जनुकीय पाया शोधणारे रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना 2004 चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे ग्राहक प्रत्येकात सारखे नसतात. कृत्रिम कस्तुरीचे काही प्रकार काही माणसांना अजिबात जाणवत नाहीत, आणि अशा माणसाने एखाद्या अत्तराला ‘फिके’ म्हटले तर तो खोटे बोलत नसतो. दोन नाकांच्या मतभेदातला काही भाग अशा रीतीने रुचीचा नसून शरीराचा असतो, आणि तो वादाने मिटणारा नाही.

अत्तराच्या कुपीबाहेरही सुगंध अंगावर घेण्याच्या रीती जिल्ह्यात आहेत, आणि त्या वगळून केलेले कोणतेही विवेचन अर्धे ठरेल. मुक्ताईनगरहून पंढरपूरकडे जाणारी संत मुक्ताबाईंची पालखी बीडमार्गे जाते, तेव्हा कपाळी लागणारा बुक्का हा कोरडा सुगंधच असतो: चंदन, नागरमोथा, कचोरा, दवणा अशा द्रव्यांचे काळे चूर्ण. घामाने तो ओघळतो, गंधात मिसळतो, आणि मुक्कामाला पोचेपर्यंत सगळ्या दिंडीचा मिळून एकच वास झालेला असतो, ज्यात माती आणि अंग यांचाही भाग आहे. ऊरुसात निघणारा संदल, म्हणजे मजारीला लावण्यासाठी मिरवत नेलेले उगाळलेले चंदन, याच अंगाने पाहता येईल. मिरवणुकीनंतर ते थोडेसे कपाळाला वा गळ्याला लावले जाते. या रीतींत निवडीला वाव नसतो आणि तुलनाही कोणी करत नाही. परंतु पुढे आयुष्यभर चंदन म्हणजे काय याचे मोजमाप ज्या वासाने ठरते तो वास बहुतेकांच्या नाकात इथूनच शिरलेला असतो, त्यामुळे कुपीतले चंदन ‘खरे वाटत नाही’ असे कोणी म्हणतो तेव्हा तो कोणत्या चंदनाशी पडताळून पाहतो आहे हे विचारणे आवश्यक ठरते. सहाणेवर पाण्यात उगाळलेले चंदन आणि गाळलेले तेल यांच्या वासात अंतर आहेच.

शेवटी अस्सलपणाचा प्रश्न. चंदनाचे तेल महाग होत गेले तसे अत्तराच्या तळाशी त्याच्या जागी लिक्विड पॅराफिनसारखी वास नसलेली स्वस्त तेले आली. कस्तुरीमृगाला 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण मिळाले, त्यामुळे आज पेटीतली ‘कस्तुरी’ रसायनशाळेतील असते, आणि तसे असणेच योग्य आहे. याचा परिणाम प्रचीतीवर थेट होतो, कारण पॅराफिनवरचा गुलाब सरळ रेषेत विरळ होत जातो, चंदनावरचा गुलाब मात्र वाटेत रूप पालटतो; एकाच नावाच्या दोन कुप्या विकत घेणारे दोघे जण अशा वेळी दोन निरनिराळ्या वस्तूंविषयी बोलत असतात. पारंपरिक सगळे शुद्ध आणि नवे सगळे खोटे असा निष्कर्ष यातून काढणे घाईचे होईल, कारण काही कृत्रिम द्रव्यांनी, विशेषतः कस्तुरीच्या बाबतीत, प्राणहत्या टाळून सामान्य माणसाच्या आवाक्यात तो गंध आणला. मात्र हिना, शमामा, मजमुआ ही नावे आज कोणत्याही निश्चित घटकांची हमी देत नाहीत, एका दुकानातला मजमुआ दुसऱ्या दुकानात मिळत नाही, आणि त्याच दुकानातला पुढच्या हंगामात मिळेल याचीही खात्री नसते. म्हणून पुढील नोंदींत अत्तराच्या नावाआधी ते कोणत्या गावच्या पेठेतून आणि कोणत्या महिन्यात घेतले हे लिहिण्याची पद्धत ठेवली आहे, आणि वास कागदाच्या पट्टीवर घेतला असेल तर तसे स्पष्ट म्हटले आहे.